कमलताराची शिरोरेषा

चिखली, ९ नोव्हेंबर २०२४

चि. भार्गवीस आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी स्वतःच्या मनाने भरतो, असं तुझी शारदाकाकू म्हणते. तेव्हा तू कागद घेऊन बसलीस हे उत्तम केलंस.

गोपालला जाऊन या महिन्यात दोन वर्षं होतील. त्याच्या हातचं अर्धं राहिलेलं जहाज तू पुरं करते आहेस हे वाचलं. मग उठलो आणि थेट वाचनालयात गेलो. अध्यक्षांना म्हणालो, दर्शनी भागातलं काचेचं कपाट रिकामं करा. ते म्हणाले, सर, त्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आहेत. मी म्हणालो, ज्या तालुक्यातल्या मुलांना समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग एवढंच ठाऊक आहे, त्यांनी आधी एक जहाज पाहावं, परीक्षा नंतर देतील. कपाट मिळालं. एक मेला, महाराष्ट्र दिनी, कार्यक्रम. बोलणार अर्थातच मी. विषयही ठरला आहे: ‘कोरड्या गावाचा दर्यावर्दी’.

तुझ्या बापाला समुद्राची ओढ होती, बेटा. चित्रकलेच्या मास्तराची नोकरी दारात उभी होती, जूनपासून रुजू व्हायचं होतं. पण काही माणसं जमिनीवर मावत नाहीत. हे मी तुला त्याच्या तेराव्यालाही सांगितलं होतं. एक मेला हजार लोकांना सांगेन. हजार येणार नाहीत, साठ येतील. पण मी हजारांसाठीच बोलतो.

तुझा,
मोठा काका नीळकंठ


पुणे, २१ नोव्हेंबर

ती. मोठे काका, नमस्कार.

कपाट रिकामं करवून घेतलंत, पण मी अजून हो म्हटलेलं नाही.

जहाज कसं आहे ते सांगते. बाबा सोळा वर्षं ज्या ‘कमलतारा’वर होते, तीच ही. किनाऱ्याकिनाऱ्याने सिमेंट वाहणारी छोटी बोट होती, बासष्ट मीटर लांब. सहा वर्षांपूर्वी ती भंगारात गेली. बाबांनी एकास शंभर या मापाने ती सागवानाच्या पट्ट्यांतून उभी केली, म्हणजे साधारण दोन फूट. सांगाडा झाला, काळा रंग झाला, डोलकाठी झाली. फक्त अक्षरं राहिली. मागच्या बाजूला नाव, त्याखाली ‘मुंबई’, आणि बोट किती बुडाली आहे ते दाखवणारे पुढच्या-मागच्या टोकांवरचे आकडे. खऱ्या बोटीवरची देवनागरी अक्षरं त्यांनी स्वतः रंगवली होती. फळीवर बसून, दोरांवर लोंबकळत. तसा त्यांचा एक फोटो आहे. फोटोत तोंड दिसत नाही, पाठ दिसते.

मॉडेलवर ब्रशने पाच मिलिमीटरचं अक्षर आणि एक मिलिमीटरचा आकडा काढणं माझ्याच्याने होणार नाही. त्यासाठी डेकल करतात. लहानपणी वहीवर पाण्याने चित्रं उतरवायचो ना, तसंच. खास कागदावर पारदर्शक थर असतो. त्यावर छापायचं, वरून लॅकरचा हात मारायचा, कापून कोमट पाण्यात टाकायचं. अर्ध्या मिनिटात थर कागदापासून सुटतो, तो ओला असतानाच जागेवर सरकवायचा.

अडचण एकच आहे. बोट काळी, अक्षरं पांढरी. आमच्या ऑफिसात औषधांच्या बाटल्यांची लेबलं निघतात, भारी यंत्रं आहेत, पण पांढरी शाई एकात नाही. यंत्र पांढरं म्हणजे कोरं समजतं. दोन ठिकाणी विचारलं, एवढ्याशा कामासाठी कुणी तयार नाही.

अक्षरं मात्र मी संगणकावर तयार ठेवली आहेत. फोटोत ती वाकडीतिकडी होती, सरळ केली. शिरोरेषा तर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत गेलेली, तीही समान केली. हे माझं रोजचं काम आहे.

आणि भाषणात एक म्हणू नका, की मुलीने बापाच्या प्रेमाने जहाज पुरं केलं. ओढ असलेला माणूस वर्षातून दोनदा घरी यायचा. मी चार वर्षांची होते तेव्हा गेला, आणि शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे काय लिहायचं ते मला आईला विचारावं लागायचं. जहाज आईच्या कपाटावर अर्धं पडलेलं आहे, ती येता-जाता त्याच्याकडे बघते. म्हणून पुरं करते आहे.

भार्गवी


चिखली, २ डिसेंबर

चि. भार्गवी,

पुण्याला पांढरं छापता येत नाही, आणि चिखलीला येतं. हे वाक्य मी एक मेला म्हणणार आहे, तू नको म्हटलंस तरी.

प्रेमानंद तुला आठवणार नाही. गोपालच्या जोडीने पाट्या रंगवायचा. पाट्यांचा धंदा फ्लेक्सने खाल्ला तेव्हा त्याने लग्नपत्रिका छापायला घेतल्या. मरून कार्डावर पांढरी अक्षरं हा त्याचा हातखंडा. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर अक्षरांपुरती मोकळी जागा, वरून शाई ओढायची की खाली अक्षर उमटतं. मी त्याला तुझा प्रश्न सांगितला. एका हाताने पत्रिका वाळत घालता घालता तो म्हणाला, “सर, कागद पाटावर सपाट बसला पायजे, बस. मंग जहाज असो का विमान.”

तेव्हा तुझा तो खास कागद आणि अक्षरांची फिल्म पाठवून दे. मोठी जाळी चालणार नाही, सगळ्यांत बारीक लावतो, असं त्याने तुला कळवायला सांगितलं आहे. बाहेर वऱ्हाडी उभे असताना तो तुझ्या एक मिलिमीटरच्या आकड्यांवर डोकं लावून बसला होता. या देशाची बुद्धी मोठ्या शहरांत कोंडलेली आहे असं मानणाऱ्यांना मी प्रेमानंदच्या दुकानात नेऊन उभं करीन.

तू शिरोरेषा सरळ केलीस ते बरं केलंस. रेघ असावी तर रुळासारखी.

नीळकंठ


पुणे, ३ जानेवारी २०२५

ती. मोठे काका,

प्रेमानंदकाकांचं पाकीट मिळालं. काम इतकं नेटकं आहे की ऑफिसातल्या लोकांनी भिंग लावून पाहिलं. आकड्यांतला आठ, त्याची दोन्ही पोटं उघडी आहेत. एवढ्या बारीक छपाईत ती शाईने भरून जातात.

मी आधी एका काळ्या पट्टीवर करून पाहिलं. पहिलं फसलं. खालचा रंग खरखरीत असला की थराखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी डाग दिसतो. मग पट्टीला चकचकीत व्हार्निश मारलं, दुसरं नाव सरकवलं, ओल्या कापसाने हलकेच टिपलं. असं बसलं की रंगवलेलंच वाटावं. आईला हाक मारली.

आईने पट्टी खिडकीपाशी नेली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, “काढ हे. हे त्यांचं नाही.”

मी म्हटलं, फोटोवरूनच घेतलंय. तर तिने टेबलावरच्या धुळीत बोटाने रेघ ओढून दाखवली. बाबा डावखुरे. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी आणि उजवीकडून डावीकडे ओढायचे. उजव्या टोकाला भरलेला ब्रश टेकायचा, तिथे रेघेला गोल डोकं यायचं, आणि डावीकडे जाता जाता ती बारीक होत विरायची. चिखलीत म्हणे लोक लांबून पाटी पाहून सांगायचे, ही गोपालची.

ते डावखुरे होते हे मला माहीत होतं. त्यांना जेवताना पाहिलंय. पण ती रेघ मी कॅमेऱ्याचा दोष समजले आणि पुसून टाकली. त्यांची म्हणून जी एक गोष्ट त्या फोटोत होती, नेमकी तीच.

फोटो धूसर आहे, त्यावरून ती रेघ पुन्हा बांधता येणार नाही. चिखलीत त्यांच्या हातची एखादी पाटी, फलक, काही उरलं असेल तर त्याचा स्पष्ट फोटो पाठवाल का?

भार्गवी


चिखली, १५ जानेवारी

चि. भार्गवी,

तिळगूळ सोबत आहे. शारदाने पाकिटात तीळ सांडू नयेत म्हणून तीन पिशव्या बांधल्या आहेत.

मी आणि प्रेमानंद दोन दिवस गावभर फिरलो. जिथे तिथे फ्लेक्स. दुकानदाराचा चेहरा मोठा, दुकानाचं नाव बारीक. अक्षर नावाची वस्तू गावातून हद्दपार झाली आहे आणि कुणाला सुतक नाही. अखेर एका पिठाच्या गिरणीत, पोत्यांमागे, ‘दळण संध्याकाळी सहानंतर मिळणार नाही’ ही पाटी सापडली. पीठ झटकून फोटो काढला. तुझी आई म्हणते ती रेघ आहे, उजवीकडे डोकं, डावीकडे शेपूट.

शिवाय माझ्या पेटीतून एक जुना फोटो काढला. फेब्रुवारी १९९८. खामगाव-जालना रेल्वेसाठी आम्ही रान उठवलं होतं, तेव्हाची सभा. रेल्वे अजून आलेली नाही, पण ती सभा मात्र झाली होती. ध्वनिक्षेपकासमोर मी आहे, ओळखशील. केस काळे आहेत. माझ्या डोक्यावरचा कापडी फलक गोपालने रंगवला आहे, तो तुझ्या उपयोगाचा. तो फोटो जपून परत कर, माझा उभा राहून बोलतानाचा तेवढाच एक आहे.

नीळकंठ


पुणे, २८ जानेवारी

ती. मोठे काका,

तिळगूळ मिळाला. गिरणीच्या पाटीवरून क, म, त, र आणि शिरोरेषा घेतली, ‘ल’ तेवढा बोटीच्या धूसर फोटोवरून काढला. फोटो या पाकिटात परत करते आहे.

कापडी फलक वाऱ्याने फुगला आहे, त्यावरचं अक्षर वाचता येत नाही. पण मी फोटो मोठा केला तेव्हा डाव्या कोपऱ्यात, तुमच्या उगारलेल्या हाताच्या पलीकडे, शाळेची भिंत दिसली. ओळ चार शब्दांची आहे. ‘आधी रूळ, मग मत’. शिरोरेषेला उजवीकडे गोल डोकं आहे, आणि डावीकडे ती विरत गेली आहे. चारही शब्दांवर.

मी आईला विचारलं. ती आधी भांडी घासत राहिली. मग बोलली, तेही पाठमोरी. निवडणुकीचे दिवस होते, आचारसंहिता लागलेली. त्या भिंतीपायी बाबांवर केस झाली. आणि ती भिंत त्याच शाळेची होती जिथे जूनपासून ते चित्रकला शिकवणार होते. संस्थेने नेमणूक रद्द केली. केस सुरू असलेल्या माणसाला जिल्ह्यात दुसरं कुणी घेईना, पाट्याही मिळेनात. म्हणून ते मुंबईला गोदीत रंगारी म्हणून गेले, आणि तिथून बोटीवर. आई म्हणाली, सत्तावीस वर्षं मला एकच कळलं नाही, नोकरी हातात असलेला माणूस त्याच शाळेच्या भिंतीवर कशाला जाऊन लिहील. तिने बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, माझ्याच डोक्यातून आलं, चूक झाली. पुन्हा विषय काढायचा नाही, असंही म्हणाले होते. ती त्यांच्यावर शेवटपर्यंत रागावलेली होती.

तुम्ही मला समुद्राची ओढ सांगितली होती. मी तेव्हापासून त्या ओढीवर रागावले आहे.

बाबा पाट्या रंगवायचे. गिरणीवाला सांगेल ते गिरणीवर, शिंपी सांगेल ते शिंप्याच्या दारावर. वाक्य त्यांचं कधीच नसायचं. म्हणून विचारते. ‘आधी रूळ, मग मत’ हे वाक्य कोणाचं?

भार्गवी


चिखली, ११ मार्च

चि. भार्गवी,

उत्तराला उशीर झाला. मध्ये सर्दीतापाने धरलं होतं.

चळवळीतलं वाक्य कुणा एकाचं नसतं, बेटा. ते हवेत असतं. शंभर तोंडांतून फिरतं, घासलं जातं, आणि ज्याच्या हाती ब्रश असतो त्याच्या हातून उतरतं. उद्या कुणी विचारील की ही घोषणा कुणी रचली, तर मी म्हणेन लोकांनी. मी आयुष्यभर हेच सांगत आलो आहे. तो काळ तुम्ही पाहिलेला नाही. जुन्या भिंतीचे पोपडे उकरून हाताला चुनाच लागतो.

गोपालने जे सोसलं त्याला तोड नाही. एक मेच्या भाषणात मी त्याच्या त्यागाचा उल्लेख करणारच आहे. चौदा पानं लिहून झाली आहेत. कार्यक्रमाची पत्रिका छापायला दिली, वाचनालयाने भिंतींना रंगसुद्धा दिला. जहाज कधी पाठवतेस तेवढं कळव.

नीळकंठ


चिखली, २० मार्च

भार्गवीताई, प्रेमानंदचा नमस्कार घ्या.

सोबत नवीन छपाई धाडली आहे. नावाचे तीन तीन पाठवले, फाटलं तं हाताशी असावं. मले लिहाची सवय नाही, लग्नपत्रिकेचा मजकूर सोडून. जसं बोलतो तसं लिहून राह्यलो, समजून घ्या.

पहिल्या बारीला तुमची फिल्म आली तवाच मले समजलं होतं का ही रेघ गोपालभाऊची नाही. मी बोललो नाही. वाटलं पुण्यात असंच चालत असन. आता तुमी बरोबर रेघ पाठवली. जाळी धुताना मी ती उन्हात धरून पाह्यली.

सरांनी मले तुमचं पत्र वाचून दाखवलं. मंग इचारलं, काय उत्तर देऊ. मी म्हटलं, खरं द्या. ते चूप बसले. त्यांनी तुमाले काय लिहिलं ते मले माहीत नाही, पण त्यांच्या तोंडावरून समजते.

ताई, त्या दिवशी शिडी मी धरली होती. रविवारची दुपार, शाळेत कोणी नव्हतं. शाळेची भीत सरांनीच सांगतली होती, एसटी स्टॅंडावरून सगळ्याले दिसते म्हणून. वाक्य सरांनी वहीच्या पानावर लिहून देल्लं होतं. ते पान गोपालभाऊच्या खिशात होतं. शेवटचा शब्द रंगवून होते न होते तं पोलिसाची गाडी आली. मी म्हटलं, भाऊ, पान दाखवा, सरांचं अक्षर आहे, तुमी सुटता. त्यानं पान काढलं, अन् पांढऱ्या रंगाच्या डब्यात बुचकळलं. मले म्हणे, शिडी घे अन् घरी जाय, तू इथं नव्हताच. मी गेलो. माह्यी बी चूक तेवढीच आहे.

त्यानं मले आईची आन घातली होती. आता तो नाही, अन् तुमी त्याची रेघ पुसून पुन्हा काढली. म्हणून सांगतलं.

सर वाईट माणूस नाही. पण ज्याले बोलाची सवय आहे तो एकदा चूप बसला का त्याले तिथून बाहेर निंघता येत नाही.

प्रेमानंद


पुणे, १४ एप्रिल

ती. मोठे काका,

प्रेमानंदकाका शाई घ्यायला पुण्याला आले आहेत. त्यांच्यासोबत जहाज पाठवते आहे. जीपमध्ये मांडीवर घेऊन बसायचं त्यांनी कबूल केलं आहे.

जहाज जवळजवळ पूर्ण आहे. आकडे मी लावले. ‘मुंबई’ आईने लावलं. नाव लावलेलं नाही. मागची बाजू काळी, कोरी ठेवली आहे, आणि ‘कमलतारा’च्या तीन प्रती पाकिटात आहेत.

वहीच्या पानाचं मला कळलं आहे. प्रेमानंदकाकांवर रागावू नका.

एक मेला लोकांसमोर उभे राहाल तेव्हा आधी ते वाक्य कोणाचं ते सांगा, आणि मग नाव तुम्ही स्वतः लावा. सांगायचं नसेल तर नाव लावू नका. जहाज बिननावाचंच परत पाठवा, मी काही विचारणार नाही. मी कार्यक्रमाला येणार नाही. मी समोर असले तर तुम्ही मला पाहून बोलाल.

नाव लावायची कृती लिहिते. पाणी कोमट, बोट बुडवता येईल एवढंच. कागद चिमट्याने धरून बुडवा आणि तीस आकडे मोजा. मग बाहेर काढून थोडा वेळ तसाच ठेवा. अंगठ्याने ओढू नका, तो आपोआप सुटतो. जहाजावर आधी पाण्याचा थेंब लावा आणि त्यावर सरकवा. ओलं आहे तोवर इकडेतिकडे करता येतं. चिखलीच्या मे महिन्यात ते फार वेळ ओलं राहणार नाही. एकदा सुकलं की हलत नाही.

अक्षर बाबांचं आहे. या वेळी हात तुमचा लागेल.

भार्गवी


चिखली, ३ मे

चि. भार्गवी,

तीन दिवस झाले, आज लिहायला बसलो. आधी जे घडलं ते, मग जे मी तुला सत्तावीस वर्षं सांगितलं नाही ते.

साठ म्हटले होते, चाळीसच आले. ऊन मी म्हणत होतं. पहिल्या रांगेत देऊळघाटचे उकंडराव होते. तेव्हा ते संस्थेचे अध्यक्ष होते, गोपालची नेमणूक त्यांच्याच सहीने रद्द झाली. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन येतात. त्यांना मीच बोलावणं धाडलं होतं, तुझं पत्र आल्यावर. ते नसताना सांगणं म्हणजे पुन्हा भिंतीशी बोलणं झालं असतं.

चौदा पानं खिशात होती. ती काढली नाहीत. टेबलावर जहाज, शेजारी वाटीत कोमट पाणी. मी म्हणालो, “आधी रूळ, मग मत, हे वाक्य माझं होतं. भिंत मी निवडली होती. शिक्षा माझ्या भावाने भोगली आणि मी पाहत राहिलो.”

आयुष्यात एवढं लहान भाषण मी केलं नव्हतं. टाळी कुणी वाजवली नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता. उकंडराव काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, “सर, तवाच सांगतलं असतं तं मी तुमालेच काढून टाकलं असतं.”

मी म्हणालो, “हो. म्हणूनच नाही सांगितलं.”

त्यांनी काठीवरची हनुवटी उचलली. मग म्हणाले, “त्या पोराच्या हातची माह्या गोठ्यावरची पाटी म्या त्या वर्षी पुसवली होती. चांगली होती पाटी.”

मग मी नाव लावायला घेतलं. भार्गवी, मी या हातांनी टेबलं थोपटली आहेत, हवेत मुठी उगारल्या आहेत, पण वीतभर कागदसुद्धा कधी नीट कापलेला नाही. बोलणारा मी, रंगवणारे दुसरे, शिडी धरणारे तिसरे. पहिलं नाव पाण्यातून काढताना घडी पडून चिकटलं. दुसरं मी अंगठ्याने ओढलं, तू नको म्हटलेलं असताना, आणि ते ‘ल’पाशी फाटलं. प्रेमानंद पुढे झाला, मी त्याला हातानेच थांबवलं. तिसरं बुडवून तीस आकडे मोजले. आकडे मोजताना मला तो रंगाचा डबा दिसत होता, ज्यात त्याने माझं पान बुचकळलं. ते पान तसंच राहिलं असतं तर अक्षर माझं म्हणून ओळखू आलं असतं. तेवढंच त्याला नको होतं.

नाव सुटलं आणि जागेवर गेलं. डावीकडे किंचित वर चढलं आहे. सरळ करायला गेलो तोवर सुकलं होतं. कुणी म्हणालं, सर, थोडं तिरपं झालं. मी म्हणालो, राहू द्या.

आता दुसरं. चौकीतून सुटून आला तेव्हा गोपाल आधी माझ्याकडे आला होता. घरी, तुझ्या आईकडे, नंतर गेला. मी त्याच शाळेत शिक्षक होतो, पेन्शनला चौदा वर्षं उरली होती, आणि रेल्वेची समिती माझ्या तोंडावर चालत होती. मी त्याला म्हणालो, उद्या जाऊन सांगतो. त्यावर तो म्हणाला, “राहू दे दादा. बोलणारा तू एकटाच आहेस. रंगवणारे लय आहेत.” मी ते वाक्य परवानगीसारखं घेतलं आणि सत्तावीस वर्षं वापरलं. त्याने ते देणं हा त्याचा मोठेपणा होता. मी ते घेणं हा माझा भ्याडपणा होता. मोठमोठ्या अन्यायांवर मी ओरडून बोललो, कारण ते लांब होते. जो माझ्या घरात झाला त्यावर माझा आवाज बसला.

आणि समुद्राची ओढ. ती मी रचली. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो काम शोधताना. मला काहीतरी सांगणं भाग होतं आणि मला चांगली वाक्यं सुचतात. तुझ्या आईलाही हे पत्र वाचून दाखव. तिचा जो राग होता तो माझ्या वाट्याचा होता, तो तिने चुकीच्या दारात ठेवला, कारण बरोबर दार मी बंद करून बसलो होतो.

क्षमा मागत नाही. मागितली की ती सुद्धा भाषणासारखी होईल.

जहाज कपाटात आहे. मुलं काचेला नाक लावून बघतात. कालच एकाने ग्रंथपालांना विचारलं, ही बोट आपल्या पेनटाकळीच्या धरणावर चालेल का.

नीळकंठ


पुणे, १२ मे

ती. मोठे काका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी बाबांचा तो फळीवरचा पाठमोरा फोटो तिने कपाटातून काढला आणि बाहेर लावला.

प्रेमानंदकाकांनी जहाजाचा फोटो पाठवला. नाव तिरपं आहे. मी ऑफिसात असते तर ते सोलून नवीन लावायला सांगितलं असतं. आईने पाहिलं आणि रेघेच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. नाव कोणी लावलं ते तिने विचारलं नाही.

माझ्या मनात राग अजून आहे. निदान तो आता कोणावर आहे ते मला कळतं. एवढंच आज लिहिता येतं.

दोन लाइफबोटी मी मुद्दाम इथेच ठेवल्या होत्या. त्या बोटाएवढ्या आहेत आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना नाव लागतं, म्हणजे चार नावं. प्रेमानंदकाकांना दहा छापायला सांगितली आहेत. तुम्ही किती फाडता त्याचा अंदाज आला आहे. आई आणि मी जूनच्या पहिल्या आठवड्यात चिखलीला येतो आहोत. चिखली सुटल्यापासून ती तुमच्या घरी जेवलेली नाही, काकूंना आधी सांगून ठेवा.

आणि अंगठा वापरू नका.

भार्गवी